चाकाला खरारा

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळचं ऊन अंगणात तिरपं आलं आणि मला गाडीच्या पुढच्या चाकावर कोळ्याचं जाळं दिसलं. फडक्याने पुसायला गेले तर निघेना. बोट फिरवलं तर बोटाला लागेना. खाली वाकून पाहिलं तेव्हा कळलं की जाळं चाकावर नाही, चाकात आहे. बारीक बारीक, गोल फिरलेले, एकमेकांत गुंतलेले ओरखडे. आणि ते मीच घातले होते. आदल्या आठवड्यात, संध्याकाळच्या अंधूक उजेडात, भांडी घासायच्या तारेच्या घासणीने, पाऊण तास घाम गाळून. वर मुलीला फोटोही पाठवला होता, "बघ, नव्यासारखी केली."

गाडी तशी नवी नाहीच. पहिल्या मालकाने हौसेने अलॉय व्हील बसवून घेतली होती आणि खरं सांगायचं तर मी गाडी पसंत केली ती त्या चाकांवरून. इंजिन नवऱ्याने पाहिलं, कागदपत्रं भावाने पाहिली, मी चाकं पाहिली. पाच पाच आऱ्यांची, चंदेरी. आमच्याकडे चाक बघून गाडी ठरवायची रीत जुनी आहे, फक्त ती गाडी बैलांची असायची. माझे वडील, आप्पा, सुताराकडे गेले की आधी चाकावरची लोखंडी धाव बघायचे, मग मधला तुंबा, मग एकेक आरा मुठीत धरून हलवायचे. मी त्यांच्या बोटाला धरून उभी असायचे. गाडीचा साटा कसा आहे, रंग कोणता, हे ते शेवटी बघायचे, किंवा बघायचेच नाहीत.

तर झालं होतं असं. मुलीला संभाजीनगरला होस्टेलवर सोडून मी धुळ्याला परत येत होते. कन्नडकडून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट म्हणजे ब्रेकची परीक्षा. गिअर खालचा ठेवून इंजिनाच्या जोरावर उतरावं, हे मला ठाऊक आहे, मी ते दुसऱ्यांना सांगतेही. पण पुढची गाडी वळणावर दबकली की पाय ब्रेकवरच जातो. घरी येऊन पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं तव्याच्या बुडासारखी काळी. मागची मात्र नुसती धुळीने भुरकटलेली. मला वाटलं, पुढची चाकं पुढे असतात, म्हणून जास्त मळली असतील. हे तर्कशास्त्र त्या दिवशी पुरेसं वाटलं होतं.

ती रस्त्याची धूळ नसते. ब्रेक दाबला की दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, आणि पॅडही झिजतात, डिस्कही झिजते. त्या झिजेचा भुगा म्हणजे तो काळा थर. त्यात लोखंडाचे कण असतात, कार्बन असतो, पॅडचा मालमसाला बांधून ठेवणारं राळेसारखं रेझिन असतं. ब्रेक मारताना गाडीचं ओझं पुढे झुकतं, त्यामुळे गाडी रोखण्याचं बरंचसं काम पुढच्याच चाकांना पडतं. शिवाय माझ्या गाडीला मागे डिस्क नाहीत, ड्रम आहेत. तिथला भुगा झाकणाच्या डब्यात ठेवल्यासारखा बराचसा आतच राहतो. हे कण बाहेर उडतात तेव्हा तापलेले असतात. चाकावर बसतात, वर दव मिळालं, पाणी मिळालं की गंजतात आणि धरून बसतात. मग पाण्याच्या धारेला ते दाद देत नाहीत.

हे सगळं नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला फक्त काळं दिसत होतं, आणि काळं दिसलं की तारेची घासणी, हा आमच्या स्वयंपाकघराचा कायदा. कळण्याच्या भाकरीचा तवा, भरिताची वांगी भाजलेली जाळी, सगळं तिनेच निघतं. पण तवा आतूनबाहेरून लोखंडच. अलॉयच्या चाकात आत अॅल्युमिनिअमचा मिश्रधातू, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक लेप. आपण चाक धुतो म्हणजे तो लेप धुतो. तारेने काळं जातं आणि लेपही जातो. काही चाकांचा दर्शनी भाग यंत्रावर कातून चकचकीत ठेवलेला असतो. तिथला लेप फुटला तर ओल आत शिरते आणि लेपाखाली पांढऱ्या अळ्या सरकल्यासारख्या रेघा पसरत जातात. माझी चाकं साधी रंगवलेली निघाली, एवढंच नशीब.

त्याआधी गाडी वॉशिंग सेंटरला जायची. तिथला मुलगा एकाच बाटलीतलं औषध टायरवर, चाकावर, पायदानावर मारायचा आणि एकाच ब्रशाने सगळं घासायचा. मडगार्डच्या आतला चिखल काढलेला ब्रश तसाच चाकावर. मी खुर्चीवर बसून चहा पीत ते बघितलेलं आहे आणि तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. म्हणून आता त्याला नावं ठेवायला तोंड उघडत नाही.

ओरखडे दिसल्यावर शहाण्यासारखी ब्रश आणायला गेले. आग्रा रोडवरच्या दुकानात म्हटलं, चाक घासायचा ब्रश द्या.

"टायरचा देऊ, रिमचा, का आतला?"

मला वाटलं, गिऱ्हाईक बाईमाणूस बघून हा एकाचे तीन करतोय. "तिन्ही वेगळे असतात का?"

"ताई, दात घासायचा आन् मोरी घासायचा ब्रश घरी एकच ऱ्हातो का?"

यावर गल्ल्यावरचा मुलगा हसला. मी चिडून एकच घेतला आणि तोही सगळ्यांत कडक. फिडिंग बाटली धुवायच्या ब्रशाचा थोरला भाऊ शोभेल असा. पिळलेल्या तारेत प्लास्टिकचे ताठ केस, खाली लाल मूठ. घरी येऊन तो दोन आऱ्यांमधून आत घातला. आतल्या गोलाव्यावरची काजळी निघत होती, मला विजयी वाटत होतं. मग ब्रश बाहेर ओढला. आत दाबून बसलेले केस मोकळे होताना अशी उसळी मारून आले की काळ्या पाण्याचा फवारा थेट चष्म्यावर, तोंडावर आणि दिवाळीत रंगवलेल्या पिवळ्या भिंतीवर. भिंतीवरचे ठिपके अजून आहेत. दुसऱ्या चाकाला तर खच्चकन आवाज आला. पाहिलं तर ब्रशाच्या टोकाशी तारेचं नागडं टोक. केस मऊ की कडक याचा विचार मी दुकानात केलाच नव्हता, पण ते ज्याच्यात रोवलेत त्या तारेचा तर नवऱ्यानेही केला नव्हता, आणि तो स्वतःला इंजिनिअर म्हणवतो.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा भांडण्याच्या तयारीने गेले होते. दुकानदाराने वाद घातला नाही. चार ब्रश काचेवर मांडले आणि म्हणाला, हाताला लावून बघा. तळहाताला नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला. तिथली कातडी खोटं बोलत नाही. पहिला ब्रश टोचला. दुसरा टोचला नाही पण खरखरला. तिसऱ्याचे केस नायलॉनचेच, पण टोकं चिरून फुलवलेली, लिंबाच्या काडीचं दातवण चावून चावून कुंचा करतात तशी. ते मनगटावर नुसते लोळले. मग त्याने टोक दाखवलं: तारेवर प्लास्टिकचं आवरण, शेंड्याला रबराची टोपी. एवढं बघायचं, बाकी रंग आणि मूठ पाहिजे ती घ्या, म्हणाला.

चौथा ब्रश खऱ्या केसांचा होता. "हे डुकराचे," तो आवाज न चढवता म्हणाला. डुकराच्या केसाचं टोक जात्याच फाटलेलं असतं, म्हणून ते पाणी आणि फेस धरून ठेवतं आणि भिजल्यावर अजून मऊ पडतं. रंगाऱ्यांच्या चांगल्या ब्रशांनाही हेच केस वापरतात. फक्त जहाल औषधात ते लवकर खराब होतात. ब्रश मला आवडला. पण आमच्या सासूबाई माळकरी. त्यांच्या घरात कांदासुद्धा एकादशीला अंग चोरून बसतो, तिथे मी हे कसं नेणार? नेला. तो गाडीच्या डिकीत राहतो, आणि तो कशाचा आहे हे हा लेख त्यांच्या वाचनात आला तरच कळेल. त्या मोबाइल बघत नाहीत.

आतल्या भागासाठी आणखी एक घ्यावा लागला: चपटा, मायक्रोफायबरचा, लोकरी. तो उसळत नाही, उडवत नाही. पण घेण्याआधी घरी येऊन जागा मोजली. दोन आऱ्यांमध्ये माझी मूठ जाते, पण ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा तो चिमटा, आणि चाकाची आतली बाजू यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं. जाड ब्रश तिथे अडकतो आणि माणूस जोर लावतो. टायरला मात्र कडकच हवा, तिथे मऊपणा काय कामाचा! आणि तो वेगळा, त्याची बादली वेगळी. टायरच्या खाचांतली खडी रिमच्या ब्रशात आली की ब्रश कितीही मऊ असो, तो खड्याचा दांडा होतो. नटांच्या खळग्यांसाठी तर काहीच विकत घेऊ नये. एका चाकाला चार नट, चारी खोल खळग्यांत. तिथे नवऱ्याचा जुना दाढीचा ब्रश असा काही बसतो, की जणू त्यासाठीच घडवला. सात-सात ब्रशांचे संच मिळतात. फसवणूक म्हणणार नाही, हौस म्हणेन.

इथवर सगळं दुकानदाराचं शहाणपण. मला स्वतःला गोष्ट कळली ती डिसेंबरात, सारंगखेड्याला.

दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला सासरची मंडळी जातात. दर्शन झालं की मंडळी जिलेबीच्या दुकानाकडे वळली आणि मी घोड्यांच्या बाजाराकडे. तापीकाठचा हा बाजार मी लहानपणापासून पाहत आले आहे. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा; पायाखाली पेंढा, वर शामियाने, आणि थंडीत घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ. एका तांबड्या घोडीला एक म्हातारे बाबा खरारा करत होते. हातात लोखंडी दातऱ्यांचा खरारा, पुठ्ठ्यावरून गोल गोल फिरत होता. धुळीचा लोट निघे, की ते खरारा दगडावर ठोकत, पुन्हा लावत. घोडी डोळे अर्धवट मिटून उभी. मांडीपर्यंत आले आणि बाबांनी खरारा खाली ठेवून पट्ट्याचा मऊ ब्रश हातात चढवला. गुडघा, नळी, खूर, सगळं त्याने. तोंडाला तर ब्रशही नाही, ओलं फडकं.

मी विचारलं, पायाला खरारा का नाही?

"पायले खरारा लावा तं लाथ बसी, ताई."

पायाला मांस नाही, कातडीखाली लगेच हाड. तिथे लोखंड लागलं की घोडी सांगते, आणि चांगलं जोरात सांगते. मी तिथे हसले आणि परतीच्या रस्त्याला दोंडाईच्यापर्यंत त्याच विचारात होते. चाक लाथ मारत नाही, हीच तर माझी अडचण झाली होती. पाऊण तास मी तारेने घासत होते आणि चाक गुमान उभं होतं. त्याने तक्रार केली ती आठवड्याने, तिरप्या उन्हात. घोड्याला, बैलाला, लेकराला आपण घासतो तेव्हा समोरून उत्तर येत राहतं आणि हात आपोआप हलका होतो. निर्जीव वस्तूला हात लावताना ते उत्तर आपल्यालाच आधी, दुकानात, मनगटावर घेऊन ठेवावं लागतं.

तिथूनच मी पट्ट्याचा एक ब्रश घेतला, घोड्याच्या केसांचा, लाकडी पाठीचा. चाकाच्या दर्शनी भागाला सुरेख चालला, पावसाळ्यापर्यंत. मग लाकूड फुगलं, केसांच्या मुळाशी बुरशी आली. घोडा कोरडा घासतात, चाक ओलं. एवढा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता.

आप्पांच्या हाती तर ब्रश नावाची वस्तू नव्हतीच. पोळ्याला बुराईला पाणी असलं तर नदीवर, नसलं तर विहिरीच्या हाळावर बैल धुवायचे. मी पाणी ओतायला. हरण्या बैलाच्या मांड्यांवर काळ्या मातीचे पोपडे असत. आमची माती ओली असताना डिंकासारखी आणि वाळली की खापरासारखी. मी नखाने पोपडा उचकटायला जायचे, हरण्या कातडी थरथरवायचा आणि आप्पा ओरडायचे. बैल आधी पाण्यात उभा करायचा. ही माती पाणी प्यायली की फुगते, भुसभुशीत होते, आपण होऊन सुटते. तोवर आप्पा बिडी ओढायचे. मग पाठीला वाळलेल्या गिलक्याची जाळी. खुरांना नारळाचा काथ्या. डोळ्यांच्या कडांना धोतराचा ओला सोगा. शिंगांच्या बुडाशी नुसता अंगठा. म्हणजे चार जागांना चार ब्रश, आणि मी आग्रा रोडवर उभी राहून "तिन्ही वेगळे असतात का" विचारत होते!

आता मी चाकं उजाडता उजाडता धुते. धुळ्यात उन्हाळ्यात आठनंतर पाणी टाकलं की ते वाळायला लागतं, आणि आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्या ओरखड्यांपेक्षा वाईट दिसतात. गाडी रात्रभर थांबलेली असली की चाकंही गार असतात. तापल्या चाकावर औषध मारू नये, ते वाळून बसतं. आधी नुसतं पाणी, आणि मग थांबायचं. बिडी नाही, मी चहा घेते. दोन-तीन महिन्यांतून एकदा लोखंड विरघळवणारं औषध मारते. ते मारलं की चंदेरी आऱ्यांवरून जांभळ्या धारा वाहायला लागतात, पिकल्या जांभळांचा सडा धुतल्यासारख्या. तो लोखंडाच्या कणांशी झालेल्या क्रियेचा रंग. वास मात्र ब्यूटी पार्लरमधल्या केस कुरळे करायच्या लोशनचा, कारण दोन्हींतलं रसायन एकाच गोत्राचं आहे. धरून बसलेला भुगा औषधाने सोडवला, तर ब्रशाला फक्त तो वाहून न्यायचं काम उरतं आणि मऊ ब्रशही पुरतो. ॲसिडची स्वस्त बाटली मिळते, ती मी घेत नाही. काम झालं की ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून खिळ्याला टांगते.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते माझ्याकडेच राहिले. डोळा बरा होऊनही भाऊ त्यांना न्यायला येईना, कारण पेरण्या. पोळ्याच्या दिवशीही ते धुळ्यातच होते. गावाकडे आता दावणीला बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. तरी त्या सकाळी ते पाचलाच उठून बसले होते. सासूबाई पाटावर मातीची बैलजोडी मांडत होत्या. आप्पांनी ती एकदा पाहिली आणि बाहेर अंगणात आले. मी पुढच्या चाकावर पाणी टाकून थांबले होते.

"काय करी ऱ्हायनी माय?"

"चाक भिजतंय आप्पा."

ते काही बोलले नाहीत. आतून पाट आणला आणि चाकासमोर बसले. मांडलेले ब्रश एकेक उचलून त्यांनी अंगठ्याने केस मागे वाकवून सोडले. डुकराचा तर चांगला वेळ धरून ठेवला; मी श्वास रोखून. शेवटी दाढीचा ब्रश घेतला, फेसात बुडवला आणि पहिल्या नटाच्या खळग्यात घालून फिरवायला लागले, सावकाश, गालावर फिरवावा तसा. मी आऱ्यांवरून माझा ब्रश नेत होते. तिसऱ्या नटाशी त्यांचा हात थांबला. ऊन आता भिंतीवरून उतरून चाकापर्यंत आलं होतं आणि नव्या डोळ्यांना ते दिसलं.

"हाई काय?"

"ओरखडे. मीच घातलेत. भांड्याच्या तारेने."

त्यांनी ओला तळवा आऱ्यावर ठेवला आणि वरून खालपर्यंत नेला, परत वर नेला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी चौथा नट घासला, मग ब्रश बादलीत झटकला आणि बादली माझ्याकडे सरकवली.

"पानी बदल," म्हणाले. "काळं व्हयनं."